चौथ्या घावानंतर

लेकीला नोकरी लागली ती चार तासांच्या अंतरावर, आणि आमची जुनी छोटी गाडी तिनं घेऊन जायची असं ठरलं. तेव्हा आमचे हे म्हणाले, "ब्रेक मी करून देतो. कुणा तिऱ्हाईताचा हात लागलेल्या गाडीतून पोरीला हमरस्त्यावर पाठवणार नाही."

वाक्य रुबाबदार होतं, आणि माणसाला शोभणारंही होतं. बस डेपोत एकतीस वर्षं काढली त्यांनी. तिथं यांना कानसेन म्हणत. बस फाटकातून आत वळली की हे हातातला चहा खाली न ठेवता सांगायचे, "मागचं उजवं. ड्रम घासतोय." मग चार माणसं मागचं उजवं चाक खोलायची आणि ड्रम घासलेला निघायचा. एकदा म्हणे यांनी पैज म्हणून डोळे मिटून नऊ बसगाड्या ओळखल्या होत्या. दहावी चुकली, तर ती पाण्याचा टँकर निघाली. ही गोष्ट मी लग्नानंतर इतक्यांदा ऐकली आहे की आता मीच तिथं उभी होते असं वाटतं.

तर या कानसेनला गेली दोन वर्षं धड ऐकू येत नव्हतं. एकतीस वर्षं बसखालच्या खड्ड्यात उभं राहून डोक्यावर इंजिनं धडधडत ठेवली, ती कानांना भोवली.

हे आम्ही दोघं सोडून कुणाला माहीत नव्हतं. खरं म्हणजे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं म्हणा ना, कारण त्यावर आम्ही एकदाही बोललो नव्हतो. नुसती एक रीत पडून गेली होती. कुणी काही विचारलं की मी तेच यांच्याकडे तोंड करून पुन्हा म्हणायचं, सहज बोलल्यासारखं. "अहो, वरच्या वहिनी विचारताहेत, शिडी देता का म्हणून." लेक शिकायला बाहेरगावी होती, तिचा फोन आला की मी तो स्पीकरवर टाकून शेजारी बसायची. ती तिकडून बोलायची, हे इकडून "बरं, बरं" म्हणायचे, आणि फोन ठेवल्यावर मी चार शब्दांत सांगून टाकायची. "बरी आहे. सर्दी झालीय. जेवली." यांना तेवढ्यानं भागायचं. निदान मला तसं वाटायचं.

मी घरी कपडे दुरुस्त करून देते. उसवलेलं असं शिवायचं की टाका दिसू नये, हे कुणी शिकवलं नाही, माझं मीच जमवलं. कान झाकायचंही तसंच जमवलं होतं आणि मनातल्या मनात त्याचा थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

लेक रविवारी दुपारी निघणार होती. शनिवारी सकाळी इमारतीच्या मागच्या फरशीवर गाडी जॅकवर चढली. हे कामाच्या जुन्या निळ्या शर्टात, मी टॉर्च घेऊन, आणि लेक हातात फोन घेऊन. टॉर्च धरणं हे लग्नापासून माझं काम. दिवसाढवळ्याही धरावा लागतो, कारण यांना चाकाच्या पोटात उजेड लागतो.

उजवं पुढचं चाक निघालं. ब्रेकचा तो जड चिमटा, कॅलिपर, यांनी सोडवला आणि तारेनं वरच्या स्प्रिंगला बांधला. तो त्याच्या नळीवर लोंबकळू द्यायचा नसतो, नळी आतून तुटते. तिथवर सगळं कसं देखणं चाललं होतं. मग राहिली चकती. ती बारा वर्षांच्या गंजानं मागच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या गाभ्याला, चिकटून बसली होती.

"बाबा," लेक फोनमध्ये बघत म्हणाली, "इथं लिहिलंय, चकतीवर हातोडा मारू नका. मागं बेअरिंग असतं, त्याला धक्का बसतो. चकतीला दोन रिकामी भोकं असतात बघा, त्यात बोल्ट लावून आळीपाळीनं थोडे थोडे फिरवायचे. ती आपली आपण पुढं येते."

हे तेव्हा आमच्याकडे पाठ करून अवजारांच्या पेटीत वाकले होते. "हं, हं," म्हणाले आणि वर आले ते मोठा हातोडा घेऊनच.

लेकीनं माझ्याकडे बघितलं. ही माझी जागा होती. नेहमीप्रमाणे मी म्हणायचं होतं, "अहो, ही म्हणतेय की..." पण पोरगी माझ्याच तोंडाकडे बघत होती आणि तिचं बोलणं तर साऱ्या फरशीला ऐकू गेलं होतं. मी आता ते पुन्हा म्हटलं असतं तर टाका दिसला असता. म्हणून मी म्हटलं, "अगं, कुणाला शिकवतेस? तुझ्या जन्माआधीपासून ब्रेक खोलताहेत ते."

"बरं," ती म्हणाली. फोन खिशात टाकला आणि मागच्या दारात हाताची घडी घालून उभी राहिली.

हातोड्याचं यांचं एक शास्त्र होतं, तेही सांगते. बसचे ड्रम असेच निघायचे. गंज धरून असेल तोवर ठप्प वाजतं. सुटला की ठण्ण. ठण्ण झालं की हातोडा खाली, कारण त्यापुढचा प्रत्येक घाव सरळ बेअरिंगला. हे मला त्यांनीच सांगितलं होतं, आणि बसचं बेअरिंग चांगलं कलिंगडाएवढं असतं, एखाददुसरा घाव ते पचवतंही. आमच्या या गाडीचं माझ्या मुठीएवढं.

ठप्प. ठप्प. ठप्प.

चौथा घाव ठण्ण वाजला. मी टॉर्च खाली घेतला. काम झालं होतं. चकती जरा तिरकी अडकलेली दिसत होती, हातानं सरळ केली असती तर आली असती.

यांनी पाचवा घाव घातला.

मी तोंड उघडलं. दारात लेक उभी होती. मी तोंड मिटलं.

सहा. सात. यांच्या कपाळावर घाम आला होता आणि चेहरा असा एकाग्र, की या माणसाला आता आवाजाची वाट बघायची आहे हे दुरूनही कळावं. तो आवाज येऊन गेला होता. अकराव्या घावाला चकती खणकन फरशीवर पडली, आणि हे लेकीकडे बघून हसले. "बघितलंस? बोल्ट कसले लावतेस!" असं काही म्हणाले असते तर बरं झालं असतं, निदान तिचं ऐकलं होतं असं तरी झालं असतं. पण ते म्हणाले, "आटपलं बघ, एवढंसं काम." लेक "मी सामान भरते" म्हणून आत निघून गेली.

मग नवी चकती बसली, नवे पॅड बसले, कॅलिपर जागेवर गेला. यांनी हब धरून एक गरका दिला आणि सवयीनं मान तिरकी केली. डेपोत करायचे तशीच.

"लोणी!" म्हणाले.

मला दोन आवाज आले. एक वरचा, पॅड चकतीला घासण्याचा, तो नव्या ब्रेकचा असतोच. आणि त्याच्या खाली दुसरा, जाड, घरघरता. माझ्या शिलाई मशिनचं तेल संपलं की ते पोटातून बोलतं तसा.

"अहो, घरघर येतेय का हो?" मी त्यांच्यासमोर वाकून, तोंड नीट हलवून विचारलं.

"पॅड नवे आहेत. घासणारच. शंभर किलोमीटर गेली की बसतील."

हे उत्तर खरं होतं, हीच पंचाईत. यावर गप्प राहिलं असतं तरी कुणी मला नाव ठेवलं नसतं. बेअरिंग काही लगेच जात नाही, कुरकुरत महिने काढतं. मग एखाद्या दिवशी हमरस्त्यावर, एकटी असताना, माझ्या पोरीच्या पुढच्या चाकाखाली ते काय करील ते मला माहीत नव्हतं. किंवा काही करणारही नाही. ती तिकडच्या गॅरेजात जाईल आणि कुणी परका माणूस तिला सांगेल, "कुणीतरी हातोड्यानं ठोकलंय हे." म्हणजे दोन्हीकडून कळायचं तिलाच, आणि आम्ही तिथं नसायचो.

मशिनचं पोट बिघडलं की मी कानावर विसंबत नाही, अंगावर हात ठेवते. तसाच मी डावा हात गाडीच्या स्प्रिंगवर ठेवला आणि उजव्यानं हब फिरवला. तळव्याला मुंग्या आल्या. बारीक, खरबरीत, अगदी स्पष्ट.

"हात द्या इकडं."

"काय?"

मी त्यांचा हातच ओढला. तेलकट, काळा, नखांत गंज भरलेला. स्प्रिंगवर ठेवला, वर माझा ठेवला, आणि हब फिरवला.

हे मला म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा फिरवला. मग स्वतः उठले, पलीकडूनही गाडी जॅकवर उचलली, डाव्या स्प्रिंगवर हात ठेवला आणि चाक फिरवून बघितलं. तिथं काही नव्हतं. परत आले, परत उजवीकडे हात ठेवला. जसं आजारी पोराच्या कपाळाला हात लावतात आणि मग स्वतःच्या कपाळाला लावून बघतात, तसं त्यांनी दोनतीनदा केलं. मग काढलेल्या चाकावर बसले.

"किती मारले मी?"

"अकरा."

"सुटली कितव्याला?"

मी चार बोटं दाखवली.

मला वाटलं आता आवाज चढणार. अवजारं आपटणार. पण हे चिंधीनं एकेक बोट पुसत राहिले. अंगठ्याला पोचले तेव्हा म्हणाले, "मग बोलली का नाहीस?"

"पोर उभी होती दारात."

"तिच्यापुढं लाज वाटली म्हणून तिचीच गाडी..." वाक्य तिथंच सोडलं त्यांनी. मग, माझ्याकडे न बघता, "आणखी कुठं कुठं नाही बोललीस?"

 याचं उत्तर होतं, पण ते फार लांबलचक होतं.

"चला," मी म्हटलं, "दुपारी दुकान बंद होतं."

या गाडीला बेअरिंग हबसकट अख्खं मिळतं, मागून चार बोल्ट आणि मधला एक मोठा नट, एवढीच काय ती अडचण. सुट्या भागांच्या दुकानातला माणूस पेनाचं टोपण दातात धरून बोलणाऱ्यांपैकी निघाला. वर आमच्याकडे पाठ करून, फळीवरची खोकी चाळत काहीतरी पुटपुटला. गाडीत ब्रेकचा सेन्सर आहे की नाही, असं विचारत होता. मी श्वास घेतला. "अहो, हे विचारताहेत..." माझ्या ओठांपर्यंत आलं होतं.

यांनी हात वर केला. मला थांबवलं.

"भाऊ," काउंटरवर टेकून म्हणाले, "मला ऐकू कमी येतं. माझ्याकडे बघून बोला."

दुकानदार वळला, टोपण तोंडातून काढलं, आणि मोठ्यानं म्हणाला, "सेन्सर आहे का गाडीला?"

"आहे."

"मग हे घ्या. काळी कडा आतल्या बाजूला. तिला लोहचुंबक दाखवायचा नाही, घाण लावायची नाही. आणि नट पुरता आवळल्याशिवाय चाकावर गाडीचं वजन टाकू नका, नाहीतर हेही जाईल."

"एवढं कळतं मला," हे म्हणाले.

"कळतं तर पहिलं कसं गेलं?"

"हातोड्यानं."

"सगळे हातोड्यानंच घालवतात," दुकानदार म्हणाला आणि टोपण परत तोंडात घातलं.

बस, एवढंच. ज्यासाठी मी दोन वर्षं जिवाचा आटापिटा केला ते सात-आठ शब्दांत उरकलं, आणि आभाळ कोसळलं नाही. दुकानाच्या पायऱ्या उतरताना मी यांच्याकडे चोरून बघितलं. चेहरा पांढरा पडला होता, पण खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

घरी आलो तर लेक फरशीवरच उभी होती, उघड्या चाकाकडे बघत. "हे काय? झालं होतं ना? अजून काय राहिलं?"

हे सरळ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "बेअरिंग मारलं मी. चकती चौथ्या घावाला सुटली होती, मला आवाज आला नाही. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

लेकीनं यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"आई?"

मी टॉर्चचं बटण चालू-बंद करत राहिले.

"तू म्हणायचीस दमलेत म्हणून. झोप येतेय त्यांना. टीव्हीत लक्ष आहे. मुलाखत झाली त्या दिवशी मी पाऊण तास बोलले, आई, पाऊण तास. सगळं सांगितलं. आणि बाबा म्हणाले, 'बरं, बरं, जेवून घे.' मला वाटलं, मी लांब जाते हे त्यांना पसंतच नाही. म्हणून धड बोलत नाहीत माझ्याशी. मी आज बोल्टचं वाचत होते ना, तेव्हा मला माहीतच होतं की बाबा ऐकणार नाहीत. वाचत होते, कारण कुणीतरी एकदा तरी 'काय म्हणालीस' म्हणावं."

हे मनापासून ऐकायचा प्रयत्न करत होते, पण शेवटी शेवटी ती फार भराभर बोलली आणि रडूही आलं तिला. हे सवयीनं माझ्याकडे वळले. "काय म्हणाली?"

मी तोंड उघडलं.

"आई, तू नको," लेक म्हणाली.

माझं तोंड तसंच उघडं राहिलं. पाऊण तासाचे मी चार शब्द केले होते. 'मुलाखत झाली. खूष आहे.' आमच्या घरात टपालखातं एकच, मी, आणि ते दोन्हीकडची पत्रं फोडायचं, कापायचं आणि उरलेली चिंधी वाटायचं. यांचीही पत्रं तशीच. हे डेपोतल्या जुन्या मंडळींना मुद्दाम बस पकडून जाऊन सांगून आले होते, पोरीला नोकरी लागली म्हणून, दोनदा. तेही मी तिला सांगायचं राहूनच गेलं होतं.

लेकीनं नाक पुसलं, यांचे दोन्ही खांदे धरले आणि पुन्हा म्हणाली. सावकाश, मोठ्यानं, एकेक शब्द. "मला वाटलं, मी जाते ते तुम्हाला आवडत नाही."

"आवडत नाही?" हे म्हणाले. "अगं येडे, मग ब्रेक कशाला करत बसलो असतो?"

हबचं काम दोघांनी केलं. मधला नट आवळताना लेक आत बसून ब्रेक दाबून धरायची. ती "दाबलं!" म्हणून ओरडायची ते यांना गाडीखालून ऐकू जाईना, तेव्हा त्यांनी ठरवलं, दाबलं की खिडकीतून हात बाहेर काढायचा. पहिल्यांदा तिनं हात काढला आणि ब्रेक सोडला. दुसऱ्यांदा ब्रेक दाबला आणि हात विसरली. तिसऱ्यांदा जमलं. नट पुरता आवळला, मग स्प्रिंगवर हात ठेवून हब फिरवला. आधी यांनी, मग लेकीनं, मग दोघांनी मिळून.

मला कुणी बोलावलं नाही. रागावली होती ती माझ्यावर, आणि तिचं बरोबर होतं. मी चहा करून आणला तर कप घेतला, पण माझ्याकडे न बघता. नंतर म्हणाली, "सोमवारी बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन जायचं. मी निघेन मंगळवारी, साहेबांना कळवते तसं. आणि डॉक्टरांच्या खोलीत आई जाणार नाही. मी जाणार."

"मी बाहेर बसेन," मी म्हटलं.

"बाहेरच बस," ती म्हणाली, पण बिस्किटाचा अर्धा तुकडा माझ्या बशीत ठेवला.

उरली डावी बाजू. तिथली चकतीही तशीच गंजून बसलेली. हातोडा पेटीत गेला होता. लेकीनं दोन भोकांत दोन बोल्ट लावले. एकावर तिचा पाना, दुसऱ्यावर यांचा. चाकाच्या दोन बाजूंना दोघं समोरासमोर बसले. तिनं पाव फेरा द्यायचा, मग यांनी पाव. घाई केली तर चकती वाकडी निघते, म्हणून थांबत थांबत.

"तिचा फेरा झाला," मी सवयीनं म्हणाले. दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही. यांची नजर लेकीच्या तोंडावर होती.

"आता सांग," हे म्हणाले. "मुलाखतीचं. पहिल्यापासून."

"सगळं?"

"पाऊण तास होतं म्हणालीस ना? मग पाऊण तास सांग. मी कुठं चाललोय?"

इथं टॉर्चही लागत नव्हता, ऊन थेट चाकावर आलं होतं. मी रिकामे कप उचलले आणि आत आले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लेकीचा आवाज येत होता. बाबांना ऐकू जावं म्हणून तिनं तो इतका लावला होता की ती गाडीच्या चाकाशी नाही, सभेत बोलतेय असं वाटावं. तिथं तीन जण बसले होते म्हणे. मधल्याला सारखी ढास लागत होती. तिनं उत्तराच्या मध्येच उठून त्याला पाणी दिलं होतं. हे मला तिनं फोनवर सांगितलं होतं, पण चार शब्दांत ते मावलं नव्हतं.

वरची खिडकी उघडली. वहिनींनी डोकं बाहेर काढलं. "अहो, काय झालं? भांडणबिंडण?"

"नाही हो," मी म्हटलं, "मुलाखत चाललीय."

"कुणाची?"

खालून यांचा आवाज आला, तोही आता चांगलाच चढलेला. "ढास! मग? पाणी दिल्यावर तो काय म्हणाला?"

वहिनींनी दोन्ही कोपर खिडकीवर टेकवले आणि त्याही ऐकू लागल्या.